दटावलं, तरी अर्जुन उठला नाही

मन खचलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो धर्माच्या भाषेत. देवाचं नाव घे, मन खंबीर कर, गीतेत काय सांगितलंय ते आठव. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण या सल्ल्याच्या तळाशी एक गृहीत असतं: श्रद्धा पक्की असेल तर मन खचत नाही, आणि खचलं असेल तर श्रद्धेतच काहीतरी उणं आहे. म्हणजे आधीच वाकलेल्या पाठीवर अपराधीपणाचं आणखी एक गाठोडं. गंमत अशी की ज्या गीतेचा हवाला देऊन हे सांगितलं जातं, तीच गीता हा उपाय करून पाहते आणि तो फसल्याचं दाखवते. खचलेल्याला आधी बोलू द्यावं, मग त्याच्याशी बोलावं आणि शेवटी त्याला हातपाय हलवायला लावावं, असा तिचा क्रम आहे. आजचं मनाचं शास्त्रही फार वेगळं सांगत नाही.

पहिल्या अध्यायातली अर्जुनाची अवस्था एखाद्या डॉक्टरने केसपेपरवर उतरवावी इतकी नेमकी आहे. हातपाय गळालेत, तोंडाला कोरड पडलीय, अंग कापतंय, अंगावर काटा आलाय, कातडीची आग होतेय, गांडीव हातातून निसटतंय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. यातलं जवळजवळ सगळं शरीराचं आहे. त्यानंतरचे विचार एकाच उतारावरून घरंगळत जातात: कुळाचा नाश, धर्माचा नाश, नरक, आणि शेवटी, निःशस्त्र असताना कौरवांनी मारून टाकलं तरी बरं. यावर कृष्ण आधी काय करतो? दटावतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोकांत तो अर्जुनाचा पुरुषार्थ काढतो, हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ, म्हणतो. अगदी आपल्या ओळखीचा सल्ला. अर्जुन उठत नाही. तो भीष्मद्रोणांची नावं घेऊन आपलं दुःख पुन्हा मांडतो, मला काही सुचत नाही, तूच सांग, असं म्हणतो, आणि नवव्या श्लोकात लढणार नाही एवढं बोलून गप्प बसतो. प्रत्यक्ष भगवंताने झापूनही माणूस जागचा हलला नाही, ही नोंद व्यासांनी गाळली नाही. उपदेश सुरू होतो तो त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून, आणि थेट अठराव्या अध्यायापर्यंत चालतो.

शंकराचार्य श्लोकाश्लोकावरचं भाष्य सुरू करतात ते याच अकराव्या श्लोकापासून. त्याआधीचा सगळा भाग शोक आणि मोह कसे उपजतात हे दाखवण्यासाठी आहे, असं ते थोडक्यात सांगून पुढे जातात. सिद्धान्त मांडणाऱ्याला तेवढं पुरतं. ज्ञानेश्वरांना पुरलं नाही. 1290 साली नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत पहिल्या अध्यायावर पावणेतीनशे ओव्या आहेत. एकही तत्त्व नसलेल्या अध्यायावर! समोर बसलेल्या साध्या माणसांशी ज्याला बोलायचंय, त्याला रोग्याला ओलांडून औषधाकडे जाता येत नाही.

इथे जाणकार दोन हरकती घेतील. पहिली, पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ म्हणतात म्हणून विषादालाच योग ठरवणं भाबडेपणाचं आहे. अशी नावं अध्यायांच्या शेवटच्या समाप्तिवाक्यांतून येतात आणि तिथे प्रत्येकच अध्याय कसला ना कसला योग असतो. मान्य. माझी भिस्त नावावर नाही, संवाद ज्या क्रमाने जातो त्यावर आहे. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. दटावणं अगदीच वाया गेलं नाही. त्यानंतरच तर अर्जुन शिष्य होऊन विचारू लागला. हेही खोटं नाही. पण दटावून उत्तर मिळालं, उतारा मिळाला नाही. शिवाय दटावणारा रथ सोडून गेला नव्हता. आपले सल्लागार दटावतात आणि फोन ठेवतात.

मग सहाव्या अध्यायाचं काय? आपला उद्धार आपणच करावा, असं तिथे स्पष्ट सांगितलंय, आणि ‘बाहेरून मदत कशाला’ म्हणणाऱ्यांचं ते आवडतं वचन आहे. ते कुठे आलंय हे मात्र कुणी पाहत नाही. पाच अध्यायांचं बोलणं झाल्यावर, जवळ बसलेल्या मित्राच्या तोंडून आलंय. त्याच अध्यायात पुढे अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, ते कसं आवरायचं? आता कृष्ण चिडत नाही. तो आधी कबूल करतो: यात शंकाच नाही, मन आवरणं अवघड आहे. आणि मग अभ्यास व वैराग्य हा मार्ग सांगतो. दुसऱ्या अध्यायातला कृष्ण आणि हा कृष्ण यांत जे अंतर आहे, ते मला गीतेतल्या कुठल्याही तत्त्वचर्चेइतकंच मोलाचं वाटतं. अवघड आहे हे समोरच्याने मान्य केलं, की ‘मलाच जमत नाही’ ही लाज निम्मी उतरते.

आधुनिक पुरावा शोधायला लांब जायला नको, गोव्यापर्यंत गेलं तरी पुरे. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी त्यांना बोलायला लावलं. बैठका सहा ते आठ. तीन महिन्यांनी, ज्यांना हे समुपदेशन मिळालं त्यांच्यातले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार थोडे सुधारून मिळाले, त्यांच्यातले 39 टक्के. हे निष्कर्ष 2017मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. या पद्धतीचा गाभा फार साधा आहे. बरं वाटेल तेव्हा काम करू, अशी वाट पाहायची नाही. आधी थोडं काम करायचं, बरं वाटणं मागून येतं. अंघोळ करायची, शेजारणीकडे जाऊन यायचं, बंद पडलेलं शिवणयंत्र दहा मिनिटं चालवायचं, आणि त्यानंतर मन कसं होतं ते पुढच्या बैठकीत सांगायचं. कर्मयोगाची इतकी घरगुती आवृत्ती क्वचितच पाहायला मिळेल. दुष्काळात बायको-मूल गमावलेले, दिवाळं निघालेले तुकोबा डोंगरावर एकांतात बसले हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं, हे सहसा आठवत नाही.

कुणी म्हणेल, बोलून बोलून दुःख वाढतं; तेच ते उगाळणारी माणसं आपण पाहतो. उगाळण्याने खरंच वाढतं, आणि मानसशास्त्रही याला दुजोरा देतं. पण उगाळणं म्हणजे स्वतःशीच बोलणं, तेही उत्तर नको असताना. पहिल्या अध्यायातला अर्जुन जवळजवळ हेच करत होता, निष्कर्ष आधी ठरवून त्याला कारणं जोडत होता. दुसऱ्या अध्यायात तो विचारतो. दुःख तेच राहतं, त्याचं तोंड मात्र दुसऱ्याकडे वळतं. वारकरी संतांची तक्रार याच जातीची आहे. तुकोबा विठ्ठलाला वाट्टेल ते बोलतात, पण पाठ फिरवून पुटपुटत नाहीत.

हे सगळं धर्माच्या बाजूने झालं. त्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून आज ती आपल्या हातात आहेत. त्याच गुरुजींनी पुढे पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. 1950च्या जूनमध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यामागे काय होतं याचा निवाडा बाहेरून कुणी करू नये. पण त्यांची श्रद्धा उणी होती, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? श्रद्धा ही लस नव्हे. झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं, कानात आवाज यायला लागले, तर डॉक्टर हवा, आणि त्याने गोळ्या दिल्या तर त्या घेणं हा देवावरचा अविश्वास ठरत नाही. मधुमेहाच्या गोळीने ठरतो का? 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ‘निम्हान्स’च्या 2015-16च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहापैकी एकाहून थोड्या जास्त प्रौढांना मानसिक आजार आढळला, आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोक उपचाराविना होते. यातले किती जण ‘मन खंबीर कर’ ऐकून घरी बसले असतील, हे कुठलंच सर्वेक्षण विचारत नाही.

आणखी एक तपशील गीतेच्या शेवटाकडचा. सगळं सांगून झाल्यावर कृष्ण आज्ञा करत नाही. याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, असं तो म्हणतो. त्यानंतरही तो विषय बंद करत नाही. थोडं पुढे जाऊन विचारतो: नीट ऐकलंस ना? तुझा मोह गेला का? सातशे श्लोकांच्या ग्रंथात तेव्हा सहाच श्लोक उरलेले असतात, आणि सर्वज्ञ म्हणवणारा बोलणारा समोरच्याच्या उत्तरासाठी थांबलेला असतो.