गादी, पाटीलकी आणि ग्रामसभा

काठीच्या राजवाडी होळीची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. मोरपिसांचे टोप, ढोल, घुंगरे सगळ्यांना दिसतात; या होळीत मान कोणाचा आणि तो का टिकला, हे क्वचितच विचारले जाते. काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले जुने मेवासी भिल्ल संस्थान. चिखली, सिंगपूर, नवलपूर ही त्याच्याच पंक्तीतली. इंग्रजांनी या राजांची सत्ता आवळत नेली. खानदेशचा कलेक्टरच त्यांच्यावरचा पोलिटिकल एजंट झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. सरकारदरबारी आता तळोद्याच्या मेवासी वनविभागाच्या नावात तेवढी त्यांची खूण आहे. तरीही काठीची होळी राजघराण्याचा मान राखूनच पेटते आणि होळीचे व्रत घेतलेले मोरखी आपली पाळणी पाळतात. कोणताही कायदा त्यांना भाग पाडत नाही. लोक मान देतात, म्हणून तो आहे.

पाटीलकीचे उलटे झाले. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली आणि ते योग्यच झाले. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार पोलीस पाटील सरकार नेमू लागले. आता लेखी परीक्षा, मुलाखत आणि मग प्रांताचा आदेश. अधिकार राहिला, पण तो देण्यात गावाचा हात राहिला नाही. याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे: याच भरतीमुळे बाई पोलीस पाटील होऊ शकली. पाड्यावरच्या जुन्या पंचांत तिला जागा नव्हती.

मान लोकांनी द्यायचा आणि कायद्याने तो ओळखायचा, असेही होऊ शकते. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशात कुटुंबप्रमुखाला ‘मताई’ म्हणतात. ही पदवी बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. सारे कुळ बसून ती कोणाला द्यायची ते ठरवते. तंटा झाला तर त्यासाठी जमीन आणि पदव्यांचे वेगळे न्यायालय आहे. संसदेच्या निवडणुकीत तिथे बराच काळ जवळपास फक्त मताईच मत देत. 1990 च्या सार्वमताने प्रौढ मताधिकार आला, पण उमेदवार मात्र आजही मताईच लागतो. हे बंधन मला मान्य नाही. पद देणारे लोक समोर असतात आणि पदधारकाला त्यांच्यापुढे उभे राहावे लागते, ही गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथले लोक न्यूझीलंडला गेले तरी पदवी कुळाबरोबर राहते.

आपल्याकडे पुजाऱ्याचा मान गावाच्या देवाला, शिवेला बांधलेला. सरदार सरोवर धरणाने अक्कलकुवा-अक्राणीतली 33 गावे बाधित केली, कुटुंबे वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली. घर आणि जमीन यांची मोजणी झाली. पुजारा, कारभारी यांच्या कामाला भरपाईच्या तक्त्यात रकानाच नव्हता. हे नुकसान लहान नव्हते. लग्नाच्या देजापासून (वधूमूल्यापासून) बांधाच्या तंट्यापर्यंतचा झगडा ज्यांच्या शब्दाने तुटायचा, ती माणसे आणि त्यांना मानणारे लोक एकमेकांपासून तुटले.

तरी जुने ते सगळे जपा, असे मी म्हणणार नाही. एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिला गावाबाहेर काढणारा शब्दही मानाच्याच माणसांचा असतो. त्या शब्दाला आव्हान द्यायची जागा गावातच नसेल, तर परंपरा त्या बाईवरचा जुलूम होते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने पोलिसांत जाता येते, पण बहुतेकदा घर सोडावे लागल्यानंतर.

आव्हानाची ती जागा ग्रामसभा होऊ शकते. आदिवासी क्षेत्रांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या रूढी आणि तंटे सोडवण्याची रीत जपण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव होण्याची वाट दिली. हा अधिकार आजवर प्रामुख्याने गौण वनोपज आणि निधी यांच्यासाठी वापरला गेला. पुजारा, कारभारी, पंच कोण, हे बायकांसकट सगळ्या पाड्याने भर सभेत ठरवावे आणि चुकला तर त्याच सभेने त्याला उतरवावे. नंदुरबारच्या एखाद्या पाड्याने आपल्या पुढच्या ठरावात हे लिहायला हरकत नाही. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहायचे कारण नाही.