पेला पाहुणा असावा, यजमान नव्हे



नाताळ सरला आणि मांडव पडू लागले. आपल्या धर्मग्रामात ह्या महिन्यात जवळजवळ दर शनिवारी-रविवारी लग्न आहे. आजच्या शुभवर्तमानातही लग्नच आहे. गालीलातील काना हे गाव, तिथला मांडव, संपलेला द्राक्षारस आणि पाण्याने भरलेले सहा दगडी रांजण. प्रभू येशूने आपले पहिले चिन्ह लग्नघरात केले, याचा आपल्याला किती अभिमान वाटतो! काही बंधू तर पेला उंचावताना आम्हाला हटकून कानाची आठवण करून देतात.

मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर मुंबईत नोकरी करणारा एक तरुण आमच्याकडे आला. त्याचे मित्र एका बीअर महोत्सवाला निघाले होते. त्याने सरळच विचारले, “फादर, गेलो तर पाप लागेल का?” आम्ही त्याला म्हटले, “बाळा, हो किंवा नाही इतके सोपे उत्तर असते, तर तू आम्हाला विचारायला आलाच नसतास.” त्याला जे सांगितले तेच आज आपल्या सर्वांपुढे ठेवत आहोत. पण त्यासाठी आधी थोडे दूर, अमेरिकेला जावे लागेल.

कॅलिफोर्निया राज्यात चिको नावाचे गाव आहे. तिथे १९८० साली केन ग्रॉसमन आणि पॉल कॅमुसी या दोन तरुणांनी सिएरा नेवाडा नावाची लहानशी ब्रुअरी चालू केली. नवी यंत्रे घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून दूध डेअरीतून निघालेली जुनी भांडी आणून, जोडून त्यांनी काम सुरू केले. बीअरला लागते तरी काय? पाणी, मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्स नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट. बार्ली कोमट-गरम पाण्यात भिजते, तिचा गोडवा पाण्यात उतरतो, ते पाणी हॉप्ससह उकळते, निवते आणि मग यीस्ट मुकाट्याने आपले काम करते. माणसाने फक्त स्वच्छता राखायची आणि वाट पाहायची. घाई केली की सगळे बिघडते. अशा लहान, हातच्या कामासारख्या बीअरला तिकडे क्राफ्ट बीअर म्हणतात. चिकोची ती लहान ब्रुअरी पुढे त्या देशातील मोठ्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी एक झाली.

२०१४ साली तिने आपली दुसरी ब्रुअरी देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मिल्स रिव्हर येथे उघडली. त्या आनंदाप्रीत्यर्थ एक फेरी काढली. जुलैच्या १९ तारखेला चिकोहून निघून सॅन दिएगो, डेन्व्हर, शिकागो, मेन राज्यातले पोर्टलंड आणि फिलाडेल्फिया अशा गावी उत्सव करीत ती फेरी ३ ऑगस्टला मिल्स रिव्हरला पोहोचली. सात मुक्काम, सात जत्रा!

आता ह्यात धर्मगुरूने सांगण्यासारखे काय आहे? आम्हाला दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. पहिली ही की, प्रत्येक मुक्कामी यजमानाने आपल्या प्रतिस्पर्ध्यांना बोलावले. देशातील सर्व क्राफ्ट ब्रुअरींना आमंत्रण होते. आपले दुकान मांडले त्याच मैदानात शेजाऱ्याचेही दुकान मांडू दिले. दुसरी गोष्ट म्हणजे, त्या फेरीसाठी बारा वेगवेगळ्या बीअर तयार केल्या आणि प्रत्येकीला एक सोबती घेतला. अकरा सोबती म्हणजे इतर ब्रुअरी होत्या. बारावी होती मिल्स रिव्हरजवळच्या अ‍ॅशव्हिल गावातील ब्रुअरींची संघटना. म्हणजे जिथे आपण नव्याने राहायला चाललो, तिथल्या शेजाऱ्यांशी आधी हातमिळवणी केली. आपल्याकडे दोन भावांची शेजारी-शेजारी दोन दुकाने असली तर ओटीवरून बोलणे बंद होते, हे आठवून पाहा!

कोणी म्हणेल, “फादर, ही तर जाहिरात.” खरेच आहे. ती फेरी म्हणजे धर्मकार्य नव्हते, तो व्यापार होता. पण व्यापारातही माणसाचे मन कुठे आहे हे कधी ना कधी उघड होते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी चिकोजवळच्या डोंगरात वणवा पेटला. पॅराडाइज, म्हणजे नंदनवन, असे नाव असलेले गाव एका दिवसात जळून राख झाले. ८५ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा ह्याच ब्रुअरीने ‘रेझिलियन्स’ नावाची बीअर करायचे ठरवले, तिची कृती सर्वांना खुली करून दिली आणि विक्रीचे सारे पैसे वणवाग्रस्तांसाठी द्यावेत असे आवाहन केले. १४०० हून अधिक ब्रुअरींनी ती बीअर बनवायची तयारी दाखवली. ज्यांना सुखाच्या दिवसांत जत्रेला बोलावण्याची रीत होती, त्यांना दुःखाच्या दिवसांत हाक मारणे जड गेले नाही.

आणखी एक हकिकत आपल्या ख्रिस्तसभेशी जोडलेली आहे. चिकोच्या उत्तरेला व्हिना नावाच्या गावी न्यू क्लेअरव्हो हा ट्रॅपिस्ट बंधूंचा मठ आहे. स्पेनमध्ये बाराव्या शतकात बांधलेला ओव्हिला नावाचा एक सिस्टर्शियन मठ होता. पुढे तो ओस पडला. १९३१ साली विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या अमेरिकन धनिकाने त्याचे दगड विकत घेतले आणि आपला वाडा बांधण्यासाठी जहाजाने अमेरिकेला आणले. वाडा काही झाला नाही. दगड अनेक वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या बागेत ऊनपाऊस खात पडून राहिले. १९९४ साली ते ह्या बंधूंना मिळाले आणि त्यांतून जुना सभामंडप पुन्हा उभारण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्या कामाला हातभार म्हणून सिएरा नेवाडाने मठाच्या सोबतीने ‘ओव्हिला’ नावाची बीअर काढली. एका श्रीमंताच्या हौसेपायी विखुरलेले प्रार्थनामंदिर उभारायला बीअरच्या पैशाचाही हात लागला!

तेव्हा बीअर ही वस्तू म्हणून वाईट नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. आपल्या ख्रिस्तसभेच्या जुन्या विधिग्रंथात बीअरला आशीर्वाद देण्याची प्रार्थनासुद्धा आहे. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांना रोज थोडा द्राक्षारस घेण्याची मोकळीक दिली होती. मात्र जो त्यावाचून राहू शकेल त्याला देव वेगळे प्रतिफळ देईल, असेही ते सांगतात. संत पौलाने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, तोही आपल्याला चांगला पाठ असतो.

पण संत थॉमस अक्वायनस यांनी ह्याच विषयावर जी शिस्तशीर मांडणी केली आहे, ती पाठ असलेला माणूस आम्हाला मांडवात अजून भेटलेला नाही. ते म्हणतात की, पिणे स्वतः होऊन पाप नाही, पण चार वेळा ते अयोग्य ठरते. पिणाऱ्याला ते सहज बाधत असेल तर. त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल तर. तो प्रमाण ओलांडत असेल तर. आणि आपल्या पिण्याने दुसऱ्याला अडखळण होत असेल तर. पहिल्या तीन कारणांत माणसाने स्वतःकडे पाहायचे आहे. चौथ्यात त्याने शेजारच्या खुर्चीकडे पाहायचे आहे.

ह्या चौथ्या कारणापाशी आम्हालाच थांबावे लागते. जी गोष्ट आता सांगतो ती त्या कुटुंबाच्या संमतीने, नाव न घेता सांगत आहोत. गेल्या वर्षी एका लग्नात आम्ही जेवायला बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एक बंधू होते. तीन वर्षे त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. ती तीन वर्षे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने कशी काढली, हे आम्हाला ठाऊक होते. यजमान त्यांचे नातलग. पेला घेऊन आले आणि म्हणाले, “आज माझ्या मुलाचे लग्न आहे. माझ्या हातचा एक घे. नाही म्हणालास तर मी समजेन तुला आनंद नाही.” बंधूंनी दोनदा नाही म्हटले. टेबलावरचे सगळे हसले. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही... आम्हीही हसलो. यजमानाचा मान राखावा असे वाटले असेल. तिसऱ्यांदा त्यांनी पेला घेतला.

दीड महिन्याने त्यांची पत्नी पॅरिश हाऊसच्या पायरीवर बसली होती. ती आम्हाला रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “फादर, तुम्ही तिथेच होतात ना?”

बंधुभगिनींनो, प्रवचनपीठावरून अनेक वर्षे आम्ही व्यसनाविरुद्ध बोललो. पण जिथे एक शब्द पुरेसा होता तिथे आम्ही गप्प बसलो. ते बंधू आज पुन्हा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला जातात. देवाची कृपा! त्यांनी आम्हाला क्षमा केली आहे. पण त्या पायरीवरचा प्रश्न अजून आमच्या कानांत आहे.

आग्रह हा आपल्या माणसांचा मोठा गुण. घरी आलेल्याला उपाशी पाठवणे आपल्याला जमत नाही. परंतु पुरणपोळीचा आग्रह वेगळा आणि पेल्याचा आग्रह वेगळा. जास्त झालेल्या पोळीने रात्रभर पोट दुखेल. एका पेल्याने एखाद्याचे घर पुन्हा मोडेल. आणि तो ‘एखादा’ कोण, हे कपाळावर लिहिलेले नसते. कोणी औषध घेत असेल, कोणी मनाशी नवस केला असेल, कोणाला गाडी चालवायची असेल. त्याने कारण का द्यावे? ‘नको’ हे पूर्ण उत्तर आहे.

आपली ख्रिस्तसभा वेदीपाशीसुद्धा असा आग्रह करीत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे का? व्यसनातून सावरणाऱ्या धर्मगुरूला बिशपांच्या परवानगीने मिस्सामध्ये ‘मुस्तुम’, म्हणजे जेमतेम आंबू लागलेला द्राक्षांचा रस, वापरता येतो. आणि ज्या भाविकाला केवळ भाकरीच्या रूपात प्रभू मिळतो, त्याला तो अर्धा मिळत नाही, संपूर्ण मिळतो. जिथे पेल्यात खुद्द प्रभूचे रक्त असते तिथे जर दुर्बळाची अशी काळजी घेतली जाते, तर आपल्या मांडवातल्या पेल्याचा एवढा रुबाब कशासाठी?

त्या तरुणाला आम्ही म्हटले, “जायचे तर जा. पण जाताना एक गोष्ट ध्यानात ठेव. पेला पाहुणा असावा, यजमान नव्हे.” पाहुणा येतो, आनंद देतो आणि वेळेवर उठून जातो. तो गेला तरी घर घरासारखे राहते. यजमान झालेला पेला मात्र कोणी कुठे बसायचे, काय बोलायचे, किती वाजता घरी जायचे आणि घरी गेल्यावर कोणावर हात उगारायचा, हे सारे ठरवू लागतो. आणि तुझ्या मित्रांपैकी कोणी लिंबू सरबत मागितले, तर त्याच्याकडे पाहून कोण हसतो ते बघ. कोणी हसले नाही, तर ती मैत्री खरी. हसले, तर तिथे पेलाच यजमान आहे. तेव्हा तू उठून त्या सरबतवाल्याच्या शेजारी बस.

सिएरा नेवाडाची ती फेरी आम्हाला आवडली ती बीअरसाठी नव्हे. आपल्या जत्रेत दुसऱ्याला जागा द्यावी, हे तिथल्या व्यापाऱ्यांना सुचले म्हणून. मग आपल्या मांडवात न पिणाऱ्याला मानाची जागा द्यावी, हे आपल्याला का सुचू नये? ह्या लग्नसराईत प्रत्येक यजमानाला आमची हात जोडून विनंती आहे. सरबत, कोकम, नारळपाणी कोपऱ्यात ठेवू नका, पुढे ठेवा. पेला भरून कोणाच्या हातात देऊ नका, ज्याला हवा तो स्वतः घेईल. आणि ‘नको’ हा शब्द एकदाच ऐका.

कानाच्या लग्नात द्राक्षारस संपला हे सर्वप्रथम कोणाच्या ध्यानात आले? पवित्र मरियेच्या. तिने गवगवा केला नाही, यजमानाला खजील केले नाही. तिचे डोळे ताटावर नव्हते, माणसांवर होते. काय उणे आहे ते तिने पाहिले आणि ते आपल्या पुत्राच्या कानी घातले. आज आपल्या मांडवांत दारू कमी पडत नाही, उणीव आहे ती अशा डोळ्यांची.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा एका मांडवात जेवायला बसू. शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे ते पाहण्याचे डोळे आणि वेळ आली तर एक शब्द बोलण्याचे धैर्य प्रभूने आम्हाला द्यावे, म्हणून आपण आमच्यासाठी प्रार्थना करा. आम्हीही आपणासाठी करू.

प्रभू येशू आपणा सर्वांना, विशेषतः ह्या महिन्यात विवाहबद्ध होणाऱ्या जोडप्यांना आशीर्वाद देवो. आमेन.

आपले धर्मगुरू