डबीचें बूड

सावंतवाडीकडील लांकडी व लाखेचें काम आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. तें काम करणाऱ्या एका ख्रिस्ती बंधूच्या घरीं तंटा झाला, व तो मिटविण्यास मला बोलाविणें आलें. हा बंधु डब्या करितो, आणि डबीच्या बुडालाहि झाकणाइतकीच झळाळी आणितो. बहिणीचें म्हणणें असें, "अहो, बूड पाहतो कोण? व्यापारी तेवढेच पैसे देतो. तितक्या वेळांत आणखी एक डबी झाली असती, आणि मुलाची फी थकली आहे." बंधूनें मला विचारिलें, "पाळकसाहेब, हें माझें पाप आहे काय?"

मीं लागलेंच उत्तर दिलें नाहीं; त्याचें काम पाहत बसलों. लांकूड खरादावर गरगर फिरत असतां तो लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबून धरितो. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर बसते. मग केवड्याचें पान दाबून ती घोटितो. केवडा समुद्रकांठीं व खाडीच्या कडेनें वाढतो, म्हणून पानांसाठीं तो वेंगुर्ल्याकडे जातो. तेथें सांपडलेली एक शिंपली त्यानें मला दाखविली. बाहेरून ती खडबडीत व मळकट, आंतून मोत्यासारखी. तो म्हणाला, "जिवंतपणीं ही मिटलेली असते. मग देवानें आंतला हा रंग कोणासाठीं घातला?"

शास्त्रज्ञ म्हणतील कीं, चुन्याच्या अतिशय पातळ थरांवर प्रकाश पडून तो रंग दिसतो, आणि त्या थरांनींच शिंपली बळकट होते. हें खरें आहे. परंतु मला त्यांत बंधूच्या बाजूचाच पुरावा दिसतो. जो थर बळकटी देतो त्याच थरांत इंद्रधनुष्य उमटलें आहे. बुडाला लाख नसेल तर कोंकणच्या पावसाळ्यांत ओल प्रथम तेथूनच शिरेल.

शलमोनाच्या मंदिरापुढील दोन खांब १८ हात उंच होते, व हीरामानें त्यांच्या शेंड्यांवर भूकमळांचें काम केलें (१ राजे, अध्याय ७). खालून जाणाऱ्यास त्यांच्या पाकळ्या कितीशा दिसल्या असतील? पुढें खास्द्यांनीं ते खांब फोडून पितळ नेलें. पाकळ्यांचा उल्लेख मात्र शास्त्रांत राहिला.

तरी बहिणीचें म्हणणें मीं उडवून लाविलें नाहीं. देवाला अर्पण करावयाचें तें बायकामुलांच्या ताटांतून काढून करूं नये, हें मीं बंधूला स्पष्ट सांगितलें. परंतु खरा दोष कोणाचा? आपण विकत घेणारे डबी कधीं उलटून पाहतों काय? मीं स्वतः पाहिली नव्हती. घासाघीस मात्र पुष्कळ केली होती.

निघतांना मीं एक डबी मागितली. बहिणीनें ती पुसली, उलटी करून बूड वर करून माझ्या हातीं दिली, आणि मग किंमत सांगितली.