आजाऱ्याला दंड?



शेजारचा कुणी आजारी पडला की, "तंबाखू सोड म्हणून कितीदा सांगितलं होतं!" असे आपण सहज बोलून जातो. त्यात तथ्य नसते असेही नाही. पण हाच शेरा सरकारी आरोग्य विम्याचा नियम झाला तर? वेळेवर तपासणी करणाऱ्याला बक्षीस आणि न करणाऱ्याच्या उपचारात कपात, हे न्यायाचे होईल का?

असे नियम करणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ. विम्याचा पैसा सर्वांचा असतो. एकाने पथ्य पाळायचे आणि दुसऱ्याच्या बेफिकिरीचा खर्च त्याने सोसायचा, हे त्याला खटकणारच. शिवाय थोडे आमिष किंवा थोडा धाक असला की माणसे स्वतःची काळजी घेतात, असाही अनुभव आहे. हा विचार टाकाऊ नाही.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ आणि गरीब राज्याने 2007 मध्ये तो अमलात आणला. गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेतील काही पालकांनी एक करारपत्र भरून द्यायचे होते. डॉक्टरांची वेळ चुकवणार नाही, औषधे नियमित घेईन, गरज नसताना तातडीच्या विभागात जाणार नाही, अशी वचने त्यात होती. सही करणाऱ्यांना वाढीव सेवा होत्या. न करणाऱ्यांना 'मूलभूत' योजना मिळे आणि तिच्यात महिन्याला चारच औषधांची मर्यादा होती. बहुसंख्य लोकांनी सही केलीच नाही. मुलांच्या वतीनेही आईवडिलांनीच सही करायची होती. म्हणजे मोठ्यांनी कागद भरला नाही की लेकराच्या सेवा कमी. काही वर्षांतच ही योजना गुंडाळावी लागली.

यात चुकले काय? डॉक्टरांची वेळ पाळायला केवळ मनाचा निश्चय पुरत नाही. बस लागते, एक दिवसाची मजुरी सोडावी लागते, घरी मुलांजवळ कुणीतरी असावे लागते. ज्याच्याजवळ हे सारे आहे त्याला वचन पाळणे सोपे. ज्याच्याजवळ नाही त्याला कठीण. नियम दोघांना एकच, पण त्याचे ओझे एकसारखे नाही. शिवाय रुग्णाच्या वागण्याची नोंद डॉक्टरने कळवायची, अशीही अपेक्षा होती. ज्याच्याजवळ मन मोकळे करायचे तोच आपला हजेरीमास्तर झाला, तर रुग्ण त्याला खरे सांगेल का?

पैशाची अडचण घातली की माणूस शहाणपणाने निवड करतो, हेही पूर्ण खरे नाही. अमेरिकेत रँड या संस्थेने 1974 ते 1982 या काळात एक मोठा प्रयोग केला. ज्यांना उपचारांसाठी स्वतः पैसे भरावे लागले त्यांनी अनावश्यक उपचार कमी केले, पण आवश्यक उपचारही तितकेच टाळले. बहुतेकांच्या प्रकृतीत फारसा फरक पडला नाही, हे खरे. मात्र रक्तदाबाचा त्रास असलेल्या गरिबांना मोफत उपचारांचा स्पष्ट लाभ झाला. जर्मनीने 2004 मध्ये डॉक्टरकडे जाण्यासाठी तिमाहीला 10 युरो शुल्क लावले होते. 2012 अखेर तेथील संसदेने ते एकमताने रद्द केले.

मग उत्तेजन देऊच नये का? तसे नाही. त्याच जर्मनीत दातांसाठी एक छोटी पुस्तिका असते. कवळी किंवा कॅप बसवायची झाल्यास विमा ठरलेल्या साध्या उपचाराचा 60 टक्के खर्च देतो. पाच वर्षे नियमित तपासणी केली असेल तर 70 टक्के, दहा वर्षे केली असेल तर 75 टक्के. पण ज्याचे उत्पन्न फारच कमी आहे त्याला त्या साध्या उपचाराचा पूर्ण खर्च मिळतो. पुस्तिका भरली की कोरी राहिली, हे विचारले जात नाही.

फरक इथेच आहे. एका ठिकाणी काळजी घेणाऱ्याच्या ताटात थोडे अधिक वाढले. दुसऱ्या ठिकाणी न घेणाऱ्याच्या ताटातली भाकरी काढून घेतली. गरजेच्या औषधाला हात लावणाऱ्या योजनेला 'प्रोत्साहन' म्हटले, तरी ती शिक्षाच असते. आणि शिक्षा द्यायची तर आधी दोष सिद्ध करावा लागतो. आजार हा काही दोषाचा पुरावा नव्हे. पथ्य पाळणाऱ्यालाही कर्करोग होतो.

आपल्याकडच्या कामगार विमा योजनेत वर्गणी पगाराच्या प्रमाणात कापली जाते, सवयी पाहून नाही. आपल्यापैकी जे कारखान्यात काम करतात त्यांना हे ठाऊक आहे. निरोगी माणूस आजाऱ्यासाठी भरतो, कारण उद्या जागा बदलू शकतात. विमा या शब्दाचा अर्थच तो.

म्हणून तंबाखू सोडायला शेजाऱ्याला जरूर सांगू या, हवे तर सोबत दवाखान्यातही जाऊ या. पण तो अंथरुणाला खिळला असता आपला पहिला प्रश्न "हे झालंच कसं?" असा नसावा. "तुला काय हवं?" हा असावा.