साक्षी किती हव्यात?

(करमाड स्टेशन, पहाटेची वेळ. मामा निवृत्त लोको पायलट. भाची इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला.)

भाची: मामा, रेल्वेने २०१६ मध्ये ‘त्रिनेत्र’ नावाची योजना मांडली होती. इंजिनावर साधा कॅमेरा, इन्फ्रारेड कॅमेरा आणि रडार. तिघांचं मिळून एक चित्र लोको पायलटसमोर. माझा प्रोजेक्ट त्याच धर्तीवर आहे.

मामा: तीन कशाला?

भाची: प्रत्येकाचं आंधळेपण वेगळं आहे ना. साधा कॅमेरा अंधारात, धुक्यात चाचपडतो. खडी उन्हाने तापली की अंगाची ऊब तिच्यात मिसळते आणि इन्फ्रारेड फसतो. रडारला धुक्याचं काही वाटत नाही, पण आडवा पडलेला माणूस त्याला आजूबाजूच्या लोखंडातून वेगळा काढता येत नाही.

मामा: आणि तिघांचं पटलं नाही तर?

भाची: तिथेच अडलंय. एकाच्या सांगण्यावर ब्रेक मारला, तर कुत्रं आडवं आलं तरी गाडी उभी. एकमताची वाट पाहिली, तर माणूस जातो.

मामा: ८ मे २०२०, लॉकडाऊनचे दिवस. बदनापूर आणि करमाडच्या मध्ये, अशीच पहाट. जालन्याच्या लोखंड कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या घरी निघालेले. भुसावळहून खास गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालले, थकले, तिथेच झोपले. सोळा जण गेले. रुळांत त्यांच्या भाकरी विखुरल्या होत्या. मालगाडीच्या लोको पायलटला माणसं दिसली होती गं. त्याने गाडी थांबवायचा प्रयत्नही केला. ओळख पटली, पण अंतर उरलं नव्हतं.

भाची: खात्री कशी होते यावर ‘न्यायभाष्य’ या जुन्या तर्कग्रंथात वात्स्यायनाने आगीचं उदाहरण दिलंय. आधी कुणीतरी सांगतं, तिथे आग आहे. जवळ गेलं की धूर दिसतो, आणखी जवळ गेलं की प्रत्यक्ष आग. एकाच गोष्टीला अनेक प्रमाणं, म्हणजे ती जाणण्याची साधनं. खात्री अशी पायरीपायरीने वाढते.

मामा: मग कामही पायरीपायरीने कर. पहिल्या हाकेला बादली भरून घ्यायची, आग दिसली की ओतायची. एकाने सांगितलं, हॉर्न दे. दोघांचं जुळलं, वेग उतरव. हॉर्न फुकट वाजला तर कुणाचं काय जातं?

भाची: म्हणजे साक्षी किती हव्यात, हे पुढच्या कृतीच्या किमतीवर ठरवायचं. पण मामा, त्या मजुरांचंही एकमतच होतं ना? लॉकडाऊन आहे, गाड्या बंद आहेत.

मामा: तोंडं अनेक, बातमी एकच. नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. हे त्यांना कुणी सांगायचं होतं?

भाची: माझे तीन सेन्सरही एकाच धुळकट काचेमागे बसवले, तर त्यांचं एकमत म्हणजे एकाच चुकीवर तीन सह्या.

मामा: आणि तरीही शंका उरली तर?

भाची: कोर्टात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो.

मामा: इथे तो रुळावरच्याला दे. गाडीचा उशीर भरून काढता येतो. बरं, तुझ्या यंत्राला माणूस ओळखायला शिकवलंस, ते फोटो कसले?

भाची: चालणारी माणसं, उभी माणसं, रूळ ओलांडणारी.

मामा: झोपलेली?

भाची: (बराच वेळ थांबून) एकही नाही.

मामा: मग आज तिथूनच सुरुवात कर.