पासबुकावरचा नंबर

पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरच्या चुडावा स्टेशनावर कुणी अनोळखी माणूस उतरला, तर आपण सहज विचारतो, "कोणाकडचे पाव्हणे?" तो ज्यांचं नाव सांगेल, त्यांनाच विचारून खातरी होते. मोबाइलवर मात्र कुणी "मी बँकेतून बोलतोय" म्हटलं, की आपण त्याच्याच शब्दावर विसंबतो. तो व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. असा फोटो कुणालाही बनवता येतो.

खातरी त्याच्याकडे नाही, बँकेकडे करायची. फोन ठेवा. पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेला नंबर स्वतः लावा, नाहीतर शाखेत जाऊन विचारा. गूगलवर सापडलेला नंबरसुद्धा खोटा निघू शकतो. संकेतस्थळ उघडलंत तर पत्त्याचा शेवट बघा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'नं संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. आणि ओटीपी? तो खरा कर्मचारी मागतच नाही.

खात्यात वर्षभराच्या कापसाचे, सोयाबीनचे पैसे असतात. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका, चूक फसवणाऱ्याची आहे. त्याच क्षणी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा.