घाटाच्या पायरीवर

हातातलं काम बाजूला ठेवा. तळवे उघडे करून मांडीवर टेकवा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या.

आता मनानेच दिल्लीला चला, १८६० च्या दशकातल्या. सत्तावन्न सालाच्या जखमा अजून ओल्या आहेत. यमुनेच्या घाटावर बायका स्नानाला आल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी जणी पडद्यात राहणाऱ्या. आजार अंगावर काढतील, पण परपुरुष डॉक्टरला नाडी दाखवणार नाहीत. त्यांच्यात प्रिसिला विंटर ही मिशनरी बाई औषधं घेऊन येते.

ती घाटावरच का आली, यावर जरा रेंगाळा. कुठेतरी दवाखाना थाटून ती वाट बघत बसली असती, तर या बायका तिथवर पोचल्याच नसत्या. म्हणून दवाखानाच पायऱ्या उतरून खाली आला. ओल्या पदराआडून पुढे आलेला एक हात डोळ्यांपुढे आणा. त्या तळव्यावर ठेवलेली औषधाची पुडी बघा. दोन हातांमधलं ते वीतभर अंतर बघा.

१८८१ मध्ये प्रिसिलाबाई गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ १८८५ मध्ये चांदणी चौकात बायका-मुलांचं इस्पितळ उभं राहिलं. तेच पुढे तीस हजारीला गेलेलं आजचं सेंट स्टीफन्स हॉस्पिटल.

थांबा. स्वतःला विचारा: मी मदत करतो तेव्हा पायऱ्या उतरतो, की वरूनच हाक मारतो? माझ्या पुडीला एखादी अट तर चिकटलेली नाही ना? कृतज्ञतेची, कौतुकाची, नाहीतर 'माझ्यासारखा हो' अशी?

उत्तराची घाई नको.

आता १९०६ साल. काश्मिरी गेटजवळच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात प्राचार्यपद रिकामं झालं आहे. खुर्ची इंग्रजाकडेच जायची, ही तेव्हाची रीत. दोनच वर्षांपूर्वी आलेले मिशनरी चार्ल्स अँड्र्यूज यांचं नाव पुढे येतं. ते म्हणतात, मी नाही, सुशीलकुमार रुद्र. रुद्र बंगाली ख्रिस्ती, वीस वर्षं तिथेच शिकवत आलेले. अखेर रुद्रच प्राचार्य होतात, कॉलेजचे पहिले भारतीय. पुढे १९१५ मध्ये गांधीजी दिल्लीला आले, ते याच रुद्रांच्या घरी उतरले. अँड्र्यूजना लोक दीनबंधू म्हणू लागले.

औषध देणं सोपं. जागा देणं कठीण. हे वाक्य मनात दोनदा म्हणा. तुमच्या आयुष्यातली अशी एक खुर्ची आठवा, जिच्यावरून तुम्ही उठलात तर दुसऱ्या कुणाला बसता येईल.

मग प्रार्थनेकडे या. शेजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आपण नकळत जरा उंचावर उभे असतो. शेजाऱ्यासोबत प्रार्थना करायची तर एकाच सतरंजीवर बसावं लागतं, त्याच्या बोलीत, त्याच्या चालीत. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली, ती अशीच शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून. शेजारी दुसऱ्या धर्माचा असेल, तर नुसतं गप्प बसणंही सोबतीला पुरतं.

येशूला कुणी विचारलं होतं, माझा शेजारी कोण? त्यावर त्याने दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली आणि प्रश्नच उलटवला: वाटेत जखमी पडलेल्याचा शेजारी कोण झाला? आपल्या मराठीत तर शेजाराला सरळ धर्मच म्हटलं आहे. शेजारधर्म. त्याला बाप्तिस्मा लागत नाही, मुंजही लागत नाही.

पुन्हा श्वासाकडे या. नोएडातल्या टॉवरमध्ये असा की सदाशिव पेठेत, भिंतीपलीकडे कुणीतरी आहे. रात्री ज्यांचा खोकला ऐकू येतो त्या आजी असतील, फाटकावर रात्रपाळी करणारा बिहारी पोरगा असेल. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?

नसेल तर डोळे उघडा, उठा, आणि जाऊन विचारा. आजचं मनन तिथे पुरं होईल.